शेजाऱ्याचं समजूतदार मशीन

“…अहो, त्या कॉम्प्युटरवाल्याचं मशीनच अख्ख्या इमारतीचं व्होल्टेज ओढून घेतं. आणि एवढं असूनही येत्या रविवारी मीटरखोलीची किल्ली त्यालाच—”

इथपर्यंत मी ऐकलं आणि कुणाच्या तरी घरात मिक्सर सुरू झाला.

मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बुटाची लेस बांधायला वाकलो होतो. (खरं सांगायचं तर पायात चपला होत्या. पण माणसाला जिन्यात थांबायला काहीतरी कारण लागतं.) बोलत होत्या तळमजल्यावरच्या शिवणवाल्या बाई. त्यांचं शिलाई मशीन दाराला लागूनच असतं, त्यामुळे इमारतीत येणारा-जाणारा प्रत्येक माणूस आणि त्याच्याबद्दलची प्रत्येक बातमी त्यांच्या सुईखालून जाते. मिक्सर थांबेपर्यंत मी वाकलेलाच राहिलो. पण तो थांबला तेव्हा विषय किल्लीवरून काज-बटणांवर गेला होता, आणि माझी पाठ धरली होती.

आता एका किल्लीसाठी एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही आमच्या इमारतीत राहत नाही म्हणून वाटेल.

आमची इमारत तीन मजली. जिन्याखाली मीटरखोली, तिला एक दणकट कुलूप, आणि त्या कुलपाची किल्ली अकरा वर्षं माझ्या कमरेला. पोटापाण्यासाठी मी कागदाच्या गोदामात स्टोअरकीपर आहे. शिक्षण दहावी (दोनदा). गोदामात मला ‘अहो गेट नंबर चार’ अशी हाक मारतात. पण इमारतीत कुणाचा फ्यूज गेला की माझं दार वाजतं आणि बाहेरून अजिजीचा आवाज येतो, “साहेब, आहात का घरात?” मी घरात असतोच. तरी जरा थांबून, जरा खाकरून मग दार उघडतो.

शिवाय फळा. जिन्याच्या पायथ्याशी एक काळा फळा आहे, त्यावर मी रोज सकाळी आठ आणि संध्याकाळी सात वाजता व्होल्टेज लिहितो. ‘सकाळ – १९२. इस्त्री जपून.’ ‘संध्याकाळ – १८९. पंप नको.’ लोक येता-जाता वाचतात, चुकचुकतात, आणि त्याप्रमाणे इस्त्री करतात किंवा चुरगळलेल्या शर्टाने कामावर जातात. सरकार चालवणं म्हणजे याहून वेगळं काय असतं?

हे व्होल्टेज मी मोजतो आमच्या स्टॅबिलायझरवर. आधी छोटा होता. नऊ महिन्यांपूर्वी बायकोच्या केकच्या ऑर्डरी वाढल्या, मोठा विजेचा ओव्हन घरात आला, आणि त्याला जोडून मी हा मोठा स्टॅबिलायझर घेतला. कपाटाएवढा. बाहेर व्होल्टेज कितीही पडो, हा आतल्या आत वाढवून ओव्हनला बरोबर दोनशे तीस देतो. बायकोचा केक कधी बसू नये ही त्यामागची माझी माया. त्याला दोन काटे आहेत: येणारं किती ते एक दाखवतो, जाणारं किती ते दुसरा. पण रिकाम्या स्टॅबिलायझरचा काटा मुलाखतीला आलेल्या माणसासारखा थरथरतो. म्हणून मी आधी ओव्हन पूर्ण पेटवतो, पाच मिनिटं थांबतो, काटा स्थिर झाला की आकडा टिपतो. ही माझी स्वतःची पद्धत. मला कुणी शिकवलेली नाही. (हे वाक्य मी पूर्वी अभिमानाने म्हणायचो.)

आणि मग आठ महिन्यांपूर्वी समोरच्या घरात कॉम्प्युटरवाला राहायला आला.

हा माणूस अजून न बांधलेल्या घरांची चित्रं बनवतो. जिथे पायाही खणलेला नाही तिथल्या बैठकीच्या खोलीत सकाळचं ऊन कसं पडेल हे तो दाखवतो. उन्हात चार धुळीचे कणसुद्धा घालतो. असं एक चित्र तयार व्हायला त्याचं मशीन दोन-दोन दिवस न थांबता चालतं. माणूस बारीक, बोलणं हळू, चष्मा स्वच्छ. माझ्याहून फार तर आठ वर्षांनी लहान. पण पहिल्याच दिवशी मला म्हणाला ‘काका’, आणि माझ्या बायकोला म्हणाला ‘ताई’! म्हणजे एका दमात त्याने मला माझ्याच बायकोचा काका करून टाकलं.

बायकोला मात्र हा माणूस फार आवडला. नवीन केक केला की चवीचा तुकडा आता समोर जायचा. पूर्वी तो माझ्याकडे यायचा. मी म्हणे सगळ्याला ‘छान’ म्हणतो. तो ‘व्हॅनिला अर्धा थेंब कमी हवा’ म्हणतो. एकदा ती चवीची बशी घेऊन गेली ती अर्ध्या तासाने परत आली, आणि चेहऱ्यावर असं तेज की मी पेपर खाली ठेवला.

“अहो, त्याचं मशीन किती समजूतदार आहे माहीत आहे का?”

“मशीन?”

“व्होल्टेज कमी झालं की ते आपण होऊन काम कमी करतं. हट्ट करत नाही.”

“बंद पडत असेल.”

“बंद नाही पडत, तेच तर! हळू चालतं. दोनशे तीस मिळत असलं की पूर्ण जोर. दोनशेच्या खाली गेलं की जरा कमी. एकशे ऐंशीला निम्म्यावर. त्याने मर्यादाच आखून दिल्यात.”

“कशाला? माझ्यासारखा स्टॅबिलायझर बसव म्हणावं.”

“अहो, व्होल्टेज कमी असताना तेवढंच काम करायचं म्हटलं तर करंट जास्त ओढावा लागतो. मग त्या मशीनचा तो पॉवर सप्लाय तापतो आणि खटकन बंद. दोन दिवसांचं चित्र गेलं पाण्यात. त्यापेक्षा येतंय तेवढ्यात भागवायचं.”

“हे सगळं त्याने तुला समजावून सांगितलं?”

“मी विचारलं, त्याने सांगितलं. तुम्हाला अकरा वर्षं विचारतेय, तुम्ही म्हणता तुला नाही कळायचं.” मग ती माझ्या बशीकडे बघत म्हणाली, “परिस्थिती बघून वागतं हो बिचारं.”

मी त्या वेळी पाचवं बिस्किट खात होतो.

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ लोकांवर जळलोय. मेहुण्याच्या केसांवर, गोदामातल्या गेट नंबर दोनच्या खुर्चीवर (तिला चाकं आहेत), साडूच्या पचनशक्तीवर. पण मशीनवर जळायची ही पहिलीच वेळ. त्यानंतर रोज रात्री जेवताना समोरून त्या मशीनच्या पंख्याची घरघर ऐकू यायची आणि मला वाटायचं, ते मला टोमणे मारतंय.

तर अशा माणसाला मीटरखोलीची किल्ली! मी पावाचं पुडकं घेऊन धापा टाकत वर आलो आणि बायकोला जिन्यातली बातमी सांगितली.

“अर्धीच ऐकलीत ना?”

“उरलेली कळते. त्याचं मशीन सगळ्यांचं व्होल्टेज खातं, आणि वर किल्ली त्यालाच देणार. अध्यक्षांना चष्मा लावणारी माणसं आवडतात.”

“मग विचारा जाऊन अध्यक्षांना.”

सरळ जाऊन विचारलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मी ठरवलं, विचारायचं नाही. पुरावा गोळा करायचा. दिवसातून दोनदा नाही, तासातासाला व्होल्टेज मोजायचं. शुक्रवार आणि शनिवार गोदामातून रजा काढली. कारण लिहिलं, ‘घरगुती अडचण’. त्या क्षणी अडचण नव्हती, पण मी काही खोटं लिहिलं नाही असं पुढे सिद्ध झालं.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता ओव्हन पेटवला, पाच मिनिटं थांबलो: १९१. नऊ वाजता पेटवला: १९०. दहा वाजता: १८७! मी दर वेळी खाली जाऊन लाल खडूने फळ्यावर लिहून येत होतो. दुपारपर्यंत फळ्याला गोवर आल्यासारखं झालं.

“अहो,” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “ओव्हन रिकामाच का तापतोय?”

“पुरावा गोळा करतोय.”

“तो भाजून खातात का?”

मी लक्ष दिलं नाही. कारण पुरावा खरंच जमत होता. मी जेव्हा जेव्हा मोजीन तेव्हा तेव्हा व्होल्टेज पडलेलं! एकदाही, एकदासुद्धा मला ते चांगलं सापडलं नाही. इतका सराईत चोर मी पाहिला नव्हता.

इमारतीतही बोंब उठली. बरोबर तासाच्या ठोक्याला दिवे पिवळे पडायचे. शिवणवाल्या बाईंनी अंधुक उजेडात एका ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. पहिल्या मजल्यावर आमचे अध्यक्ष राहतात, भूमितीचे निवृत्त सर. त्यांचा पंखा इतका मंदावला की पाती मोजता यायला लागली. जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, “काय हो, आज फारच पडतंय?”

“मी काय बोलू सर,” मी समोरच्या बंद दाराकडे बघत म्हणालो. “रविवारी आकडेच बोलतील.”

सरांनी त्या दाराकडे बघितलं आणि ‘हं’ केलं. त्या ‘हं’मध्ये मला किल्ली परत आल्याचा आवाज ऐकू आला. इमारतीतले दिवे जसजसे मंद होत होते, तसतसा माझा चेहरा उजळत होता.

संध्याकाळी दार वाजलं. तोच.

“काका, जरा त्रास देतो. तुमच्याकडे व्होल्टेजच्या नोंदी असतात ना?”

“असतात. का?”

“आज दर तासाला वीसेक व्होल्ट घसरतात, दहा मिनिटांनी परत येतात. माझं मशीन दर वेळी खाली येतं. एका शाळेच्या इमारतीचं चित्र आहे, रविवारी दुपारी बारापर्यंत पोचवायचंय. नाही पोचलं तर ते काम दुसऱ्याकडे जाईल. तुमची वही बघितली तर कळेल तरी कुठे गडबड आहे.”

“वही रविवारी मीटिंगमध्ये उघडेन,” मी म्हणालो. आवाज मुद्दाम जड केला होता.

“बरं काका,” तो म्हणाला आणि गेला. भांडलासुद्धा नाही! अशा माणसाचा तर जास्तच राग येतो.

“दाखवायची होतीत वही,” बायको म्हणाली.

“शत्रूला आपला दारूगोळा दाखवतात?”

“शत्रू कसला? केक चाखून खरं बोलतो तो.”

“तेच तर!”

शनिवारी मी अर्ध्या-अर्ध्या तासाने मोजायला लागलो. ओव्हन थंड व्हायला वेळच मिळेना. घरात इतकं उकडत होतं की भिंतीवरचं कॅलेंडर वळायला लागलं. बायकोने मधल्या फटीत दोन केक आत सरकवले. एकाची कड जळाली आणि दुसऱ्याच्या मध्ये खड्डा पडला. तिने तो खड्डा क्रीमने भरला. दुपारी ती माझ्यासमोर येऊन बसली.

“एक विचारू? किल्ली गेली तर काय होईल तुमचं?”

मला चटकन हसून उडवून लावायचं होतं, पण जमलं नाही.

“काही नाही होणार,” मी म्हणालो. “फक्त आपलं दार वाजायचं नाही. गोदामात मी गेट नंबर चार. इथे साहेब. किल्ली गेली की इथेही नुसता दुसऱ्या मजल्यावरचा डावीकडचा.”

तिने माझ्या हातातली पेन्सिल घेतली, वहीत पडलेला बिस्किटाचा चुरा झटकला आणि पेन्सिल परत हातात दिली. “साडेतीन वाजले,” ती म्हणाली. “मोजा.”

जिन्यातून येता-जाता समोरच्या खिडकीतून तो दिसायचा. कपाळाला हात लावून पडद्याकडे बघत बसलेला. मशीनही निम्म्यावर येऊन मुकाट चालत असणार. मला कीव आली, खोटं कशाला बोलू. एक मिनिटभर आली. मग बायको त्याच्यासाठी चहा घेऊन गेली आणि कीव संपली.

रविवारी सकाळी दहाला वाहनतळात मीटिंग भरली. खुर्च्या ज्याच्या त्याने घरून आणलेल्या. पहिला विषय सरांनीच काढला. “व्होल्टेज आणि मीटरखोली. साहेब, तुम्ही काही बोलणार होतात.”

मी उभा राहिलो. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात वही. “शुक्रवार,” मी सुरू केलं. “आठ वाजता एकशे एक्याण्णव. नऊ वाजता एकशे नव्वद. दहा वाजता एकशे सत्त्याऐंशी. अकरा वाजता एकशे अठ्ठ्याऐंशी…” असे तेहतीस आकडे मी वाचले. मधे शिवणवाल्या बाईंना जांभई आली, पण ती त्यांनी आदराने दाबली. शेवटी मी वही मिटली. “एकही नोंद दोनशेच्या वर नाही. आठ महिन्यांपूर्वी हे असं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी इमारतीत कोण आलं, हे मी माझ्या तोंडाने सांगत नाही.”

आणि बोटाने दाखवलं.

सगळ्यांनी वळून बघितलं. कॉम्प्युटरवाला उठला. त्याच्याकडे एक लांब कागद होता, त्यावर रेघ: सरळ, मग एकदम खाली, परत सरळ, परत खाली. जणू कुणी कंगवा काढला होता.

“माझ्याकडे सॉकेटला एक नोंद ठेवणारी डबी असते,” तो म्हणाला. “मिनिटामिनिटाचं व्होल्टेज टिपते, त्यावरूनच मशीनची मर्यादा ठरते. काकांनी वाचलेल्या वेळा आणि हे खड्डे बघा. अगदी जुळतात.”

सरांनी कागद आणि वही शेजारी-शेजारी धरली. “अरे! मिनिटाचाही फरक नाही!”

“बघा!” मी ओरडलोच. “जुळतंय! त्याने स्वतः कबूल केलं!”

“हो काका, जुळतंय,” तो म्हणाला. “फक्त एक शंका आहे. शुक्रवारी साडेदहा ते साडेअकरा मी मशीन पूर्ण बंद ठेवलं होतं. दोष माझा आहे का ते बघायला. नुसती डबी चालू होती. अकरा वाजता तुमचा आकडा काय?”

मी वही उघडली. मिटली. परत उघडली. आकडा तोच होता.

“एकशे अठ्ठ्याऐंशी,” सरांनी माझ्या खांद्यावरून वाचलं.

“म्हणजे ह्याचं मशीन बंद होतं तरी व्होल्टेज पडलं?” शिवणवाल्या बाई पुढे सरसावल्या. “मग खाल्लं कुणी?”

मागच्या खुर्चीवरून आवाज आला.

“ओव्हनने.”

माझी बायको. उभी राहिली होती.

“आमच्या ओव्हनने. हे आकडा टिपायच्या आधी दर वेळी ओव्हन पेटवतात. काटा स्थिर व्हायला.” आणि जरा थांबून ती म्हणाली, “रिकामा.”

मी खिशाचं पेन काढलं, टोपण उघडलं आणि परत लावलं.

“नुसता ओव्हन असता तर एवढं झालं नसतं, ताई,” कॉम्प्युटरवाला घाईघाईने म्हणाला. (मला सावरायला! त्याही वेळी मला त्याचा रागच आला.) “व्होल्टेज पडलं की ओव्हन बिचारा आपण होऊन कमी तापला असता. पण मध्ये स्टॅबिलायझर आहे. तो म्हणतो, बाहेर काहीही होवो, मी ओव्हनला दोनशे तीसच देणार. मग ती तूट भरायला तो करंट जास्त ओढतो. आपली जिन्यातली वायर जुनी, बारीक. जास्त ओढलं की व्होल्टेज आणखी पडतं. आणखी पडलं की तो आणखी ओढतो.”

भूमितीच्या सरांना हे फार आवडलं. त्यांनी दोन बोटं वर केली. “म्हणजे कमी आलं की ह्याचं मशीन कमी घेतं, आणि कमी आलं की ह्यांचं मशीन जास्त ओढतं?”

“साधारण तसंच.”

“आणि साहेबांनी मोजलं की व्होल्टेज पडतं?”

“साधारण… तसंच.”

“म्हणजे गेले दोन दिवस,” शिवणवाल्या बाई सावकाश म्हणाल्या, “हे जितकं मोजत होते तितकं ते पडत होतं. माझा ब्लाउज!”

“पण तुम्हीच तर म्हणालात त्याचं मशीन व्होल्टेज ओढतं!” मी शेवटचा आधार धरला. “गुरुवारी. जिन्यात. मी ऐकलंय.”

“तुम्ही लेस बांधत होतात ते?” बाई म्हणाल्या. “चपलांची?”

“बाईंचं अगदीच चूक नाही,” कॉम्प्युटरवाला म्हणाला. “माझं मशीन पूर्ण जोरात असलं की सहा व्होल्ट पडतात. डबीत दिसतं ते. उरलेले वीस-बावीस…” पुढचं त्याने सभ्यपणे गिळलं.

“म्हणजे मी थोडं तरी खरं बोलले होते!” बाई सगळ्यांकडे बघत म्हणाल्या.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने बघितलं, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा मी त्याला मोठ्याने हसताना पाहिलं. “झालं! शाळेचं चित्र पूर्ण झालं. बाराच्या आत. मीटिंग सुरू झाल्यापासून मशीन पूर्ण जोरात चाललंय.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या. मला जरा वेळाने कळलं, की मी घरात नव्हतो म्हणून ते पूर्ण झालं होतं.

मग किल्ली. सर म्हणाले, आपण या कॉम्प्युटरवाल्या गृहस्थांनाच विचारणार होतो. म्हणजे तेही खरं होतं! मी कमरेची किल्ली सोडायला घेतली. अकरा वर्षांनी गाठ सुटेना.

“मला नको, सर,” तो म्हणाला. “मी बसलो मशीनसमोर की मला दाराची बेलही ऐकू येत नाही. ताईंना द्या. व्होल्टेज कधी पडणार हे त्यांनाच आधी कळेल. ओव्हन त्यांचा आहे.”

हात वर झाले. सगळ्यांचे. मी इकडे-तिकडे बघितलं आणि माझाही वर केला, कारण बायको माझ्याकडे बघत होती.

म्हणजे शिवणवाल्या बाईंची बातमी निम्मीच खरी निघाली. त्याचं मशीन व्होल्टेज ओढत होतं, पण सहा. किल्ली माझ्याकडून जाणार होती, ती गेली, पण त्याच्याकडे नाही. मी स्वतःची समजूत घातली: किल्ली शेवटी आमच्याच घरात आहे. कमर बदलली, एवढंच.

मंगळवारी संध्याकाळी जेवायच्या आधी दार वाजलं. मी सवयीने जरा थांबलो, जरा खाकरलो, आणि उघडलं. बाहेर सर.

“वहिनी आहेत का घरात?”

बायको पदर खोचून खाली गेली. मी दारात उभा राहिलो. म्हटलं, आता हाक येईल. पाच मिनिटांनी ती स्वतःच वर आली आणि हात धुवायला लागली.

“काय झालं होतं?”

“फ्यूज. नवीन तार घातली.”

“तुला कुणी शिकवलं?”

“अकरा वर्षं तुम्ही फ्यूज बसवत होतात, तेव्हा टॉर्च कोण धरत होतं?”

आता टॉर्च मी धरतो. काम छोटं वाटतं, पण जबाबदारीचं आहे. काल संध्याकाळी शिवणवाल्या बाईंचा फ्यूज गेला. मीटरखोलीत बायको पुढे, मी मागे.

“वर धरा. आणखी वर. अहो, तारेवर, माझ्या कानावर नको. हलवू नका.”

“मी कुठे हलवतोय?”

बाई दारातून डोकावल्या. “वहिनी, तुम्ही त्या कॉम्प्युटरवाल्याला का नाही बोलावत? त्याचा हात किती स्थिर असतो.”

“बोलावलंय,” माझी बायको मागे न बघता म्हणाली. “तो येईपर्यंत हे धरतील.”